एसीची बादली

दुपारची सामसूम, आणि खिडकीबाहेर टप्... टप्. नळीखालची बादली भरत आलेली असते. "गॅस गळतोय" असं छातीठोकपणे सांगणारा एकजण घरोघरी असतोच. गॅस कसला, खोलीतल्या हवेतलंच पाणी ते! थंड पेल्याला बाहेरून घाम फुटतो तसा एसीच्या पोटातल्या गार नळ्यांच्या वेटोळ्याला, म्हणजे कॉइलला फुटतो, खालच्या ट्रेमध्ये ओघळतो आणि नळीवाटे बाहेर पडतो. दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतो.

त्या पाण्याला ढकलणारं मात्र कुणी नाही. साध्या भिंतीवरच्या एसीत पंप नसतो, सगळी भिस्त उतारावर. मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार हवा. आणि इथेच ती वळ्यावळ्यांची लवचीक नळी घात करते. मध्येच झोळ पडतो, झोळात पाणी साचतं, धूळ बसते, बुळबुळीत साका धरतो. त्यात नळीचं टोक बादलीच्या पाण्यात बुडलेलं असेल तर झोळ आणि टोक यांच्यामध्ये हवा कोंडते. मग पाणी उलटं ट्रेमध्ये तुंबतं आणि भिंतीवरून ओघळ उतरतात. बुडणारं टोक कापून बादलीच्या काठावर चार बोटं अधांतरी ठेवलं, तरी निम्मी दुखणी जातात. साधी गुळगुळीत पीव्हीसी नळी त्याहून बरी, पण ती वाकवायचा कंटाळा येतो ना!

तुंबलेली नळी फुंकू नये. घाण ट्रेमध्ये चढते. पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने बाहेरच्या टोकाकडून ओढावी. बसवणारा माणूस जायच्या आत ट्रेमध्ये मगभर पाणी ओतून बघावं. ते लगेच बाहेर आलं नाही, तर चहा नंतर. एसीची हवा गाळणारी जाळी मळली की कॉइलवर बर्फ धरतो आणि एसी बंद केल्यावर तो वितळून धो धो गळतो. तेव्हा नळी निर्दोष असते.

थंड मुलखांत घर तापवणाऱ्या गॅस बॉयलरचं पाणी धुरातून निथळतं, म्हणून आंबट, तांब्याची नळी खाणारं. एसीचं त्यामानाने गरीब. लादी पुसा, कुंड्यांना घाला. पिऊ मात्र नका, आणि बॅटरीतही नको: क्षार नसले तरी कॉइलची धूळ आणि धातूचे कण असतात.

बादली ठेवलीच नाही, तर खालच्यांच्या पत्र्यावर रात्रभर टप्... टप्. त्यावर कुठलाच व्हॅक्यूम चालत नाही.