कूलरची पिन

मे महिना, सकाळचे साडेनऊ आणि उन्हाचे चटके सुरू झालेले. त्रिमूर्तीनगरातून काकांचा फोन आला. "काहून रे बाबू, तुझ्या डब्ब्यात फोटोची नावं दिसून राहिली, पण जुना फोटो एकही उघडत नाही."

डब्बा म्हणजे त्यांच्या टीव्हीखाली मी बसवलेला छोटा पीसी. घरांत, दवाखान्यांत असे डब्बे बसवून देणं हाच माझा धंदा. काकांचं गूगलचं १५ जीबी भरलं होतं. १ जून २०२१ पासून तिथं फोटोंची फुकट जागा मोजूनमापून झाली आणि दर महिन्याला पैसे भरायला काका तयार नव्हते. मग प्रोग्रॅम स्वतंत्र कप्प्यात चालवणारं डॉकर टाकलं, त्यात घरच्याघरी फोटो साठवणारं नेक्स्टक्लाउड टाकलं, फोटोंसाठी बाहेरची मोठी हार्डडिस्क लावली, घरातल्या सगळ्यांच्या फोनमधून फोटो आपोआप चढतील असं केलं. अर्ध्या दिवसाचं काम. निघताना म्हणालो होतो, "काका, आता विसरून जा." हे वाक्य मी हल्ली कोणाला ऐकवत नाही.

नावं डेटाबेसमध्ये, म्हणजे नेक्स्टक्लाउडच्या यादीत असतात आणि डेटाबेस पीसीच्या आतल्या डिस्कवर. फोटो बाहेरच्या डिस्कवर. म्हणजे नावं दिसतात आणि फोटो उघडत नाहीत, याचा अर्थ बाहेरची डिस्क निसटली किंवा मेली. मेली असती तर माझं काही खरं नव्हतं, कारण बॅकअपची दुसरी डिस्क "पुढच्या महिन्यात घेऊ" करत राहून गेली होती. गाडीवर सगळा रस्ता हेच डोक्यात.

पोचलो. पीसीचा निळा दिवा सुरू. डिस्कवर हात ठेवला तर थंडगार. मे महिन्यात नागपुरातल्या त्या हॉलमध्ये थंड असलेली ती बहुधा एकटीच वस्तू. वायर धरून सोफ्यामागं वाकलो, तर ॲडॅप्टर जमिनीवर लोळत पडलेला आणि त्याच्या जागी बोर्डात कूलरची पिन.

"काहीतरी काळं लावलं होतं तिथं, मला वाटलं कोणाचा चार्जर राहिला," काकू म्हणाल्या. "या उन्हात कूलर बंद ठेवू का मग?"

त्यांचं चुकलं नव्हतंच. पण एक कोडं राहत होतं. डिस्क नसताना नेक्स्टक्लाउड मुळात सुरूच व्हायला नको. त्याच्या डेटा फोल्डरमध्ये, म्हणजे फोटो ठेवायच्या फोल्डरमध्ये, तेव्हा 'डॉट ओसीडेटा' नावाची एक लपलेली फाईल असायची. हे नाव ओनक्लाउड या आधीच्या प्रोग्रॅमच्या काळातलं. २०१६ मध्ये नेक्स्टक्लाउड त्यातून वेगळं निघालं, पण माहेरची खूण ठेवून. ती फाईल दिसली नाही की ते अडून बसतं, रिकाम्या फोल्डरलाच घर समजू नये म्हणून. आणि ते अडलंही होतं. पडद्यावर इंग्रजीत आलं होतं की डेटा फोल्डर बरोबर नाही, त्यात अशी अशी फाईल असायला हवी.

रविवारी काकूंचा भाचा आला होता, इंजिनीअरिंगचा. त्यानं ते वाचलं, त्या नावाची रिकामी फाईल बनवली, परवानग्या बदलल्या आणि गाडी सुरू करून दिली. फोनवर मला म्हणाला, "दादा, त्यानंच तर सांगितलं फाईल पाहिजे म्हणून." यावर काय बोलणार? संदेश खरा होता, पोरगं हुशार होतं. 'डिस्क लागली आहे का बघा' एवढंच कोणी म्हटलं नव्हतं.

आणि रिकामं फोल्डर आलं कुठून? ती करणी माझी. डॉकरला फोल्डर दाखवायच्या दोन पद्धती आहेत. 'हायफन व्ही' लिहिलं आणि फोल्डर जागेवर नसलं, तर डॉकर गुपचूप नवं बनवतो. 'माउंट' लिहिलं तर चूक दाखवून थांबतो. मी जुन्या कामातून पहिल्या पद्धतीची ओळ उचलून चिकटवली होती. वर डिस्कला 'नसली तरी चालेल' असंही लिहून ठेवलं होतं, पीसी सुरू होताना अडकू नये म्हणून. लाईन गेली, लाईन आली, पीसी उठला, डिस्क नाही, नवं फोल्डर तयार.

खरा धोका पुढं होता. चार दिवस सगळ्यांचे नवे फोटो पीसीच्या आतल्या डिस्कवर, त्याच पत्त्यावर जमत होते. मी नुसती डिस्क लावून रीस्टार्ट केलं असतं, तर डिस्क त्या जागेवर पसरली असती आणि नवे फोटो खाली गेले असते, गादीवर सतरंजी टाकावी तसे. पुसले जात नाहीत, पण दिसतही नाहीत. त्या चार दिवसांत नातीचं बारसं झालं होतं. दुसऱ्या बाजूनं, भाच्यानं फाईल-स्कॅनची, म्हणजे डिस्कवर सापडेल तेवढंच यादीत ठेवणारी आज्ञा चालवली असती, तर जुन्या फोटोंची नावंही डेटाबेसमधून गेली असती. "आज संध्याकाळी तेच करणार होतो," तो म्हणाला. मी पन्ह्याचा दुसरा ग्लास मागितला.

कंटेनर, म्हणजे डॉकरमधला नेक्स्टक्लाउडचा कप्पा, थांबवला, नवं फोल्डर नाव बदलून बाजूला ठेवलं, डिस्क लावली. ती घरघरली तेव्हा काका खुर्चीतून उठून जवळ आले. तपासणी होईस्तोवर कोणी बोललं नाही. मग बारशाचे फोटो आत टाकले आणि स्कॅन केलं. काकांनी पहिला उघडला तो स्वतःच्या लग्नानंतरचा, स्कॅन करून ठेवलेला. फुटाळा तलावाच्या काठावर दोघं, काकूंच्या हातात छत्री.

डिस्क लागल्याशिवाय डॉकर उठणार नाही असं केलं, 'माउंट'ची ओळ लिहिली, दुसऱ्या डिस्कचे पैसे तिथंच घेतले. मिनिटामिनिटाला डिस्क बघून काकूंच्या फोनवर संदेश टाकणारी छोटी स्क्रिप्टही लिहिली. संदेश होता, 'डेटा डिस्क माउंट झालेली नाही.' काकूंना वाचून दाखवला.

"म्हणजे मी करू काय?"

शेवटी त्यांनीच सांगितला आणि मी टाइप केला. 'फोटोची डिस्क बंद आहे. सोफ्यामागं लाल पट्टीची पिन बघा.' पिनेला लाल टेप गुंडाळली. कूलरसाठी वेगळा बोर्ड ओढायला इलेक्ट्रिशियनला फोन केला.

करून बघायचं ठरलं. चालू डिस्कची पिन ओढू नये, म्हणून आधी सगळं थांबवून डिस्क सोडवली आणि काकूंना खूण केली. त्यांनी पिन काढली. मिनिटभरात फोन वाजला. त्यांनी मोठ्यानं वाचलं, वाकून पिन परत लावली आणि फोनकडं बघत उभ्या राहिल्या.

"आता लागली, हे नाही का सांगत हा?"

मी बॅगेतून लॅपटॉप परत काढला.