कर्ता नसलेली वाक्ये

सामूहिक हत्यांविषयी मराठीत लिहिताना आपली काही क्रियापदे ठरलेली असतात. हिंसाचार उसळतो, दंगल पेटते, द्वेषाचा वणवा पसरतो. मीही ती वर्षानुवर्षे वापरत आले. गेल्या वर्षभरात आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणांची निकालपत्रे वाचू लागल्यापासून मात्र ही क्रियापदे लिहिताना माझा हात अडखळतो. पाणी उसळते किंवा वणवा पेटतो तेव्हा त्यामागे कोणी माणूस असावाच लागतो असे नाही; या निकालपत्रांत मात्र कोणी यादी केली, कोणी शस्त्रे वाटली, कोणी रस्ता अडवला, कोणत्या तारखेला कोणाच्या जागी कोणाला नेमले, हेच पानोपानी लिहिलेले असते. ‘लोक मारले गेले’ या वाक्यात ज्याची जागा रिकामी राहते तो कर्ता तिथे नावानिशी भेटतो. असे अत्याचार का घडतात आणि ते रोखता येतात का, या दोन्ही प्रश्नांचा विचार त्या रिकाम्या जागेपासून सुरू करावा, असे मला आता वाटते.

रवांडात १९९४ मध्ये हुतू सत्ताधाऱ्यांनी घडवलेल्या तुत्सींच्या हत्याकांडाबद्दल बहुतेकांना ठाऊक असते, पण ‘दोन जमातींचे जुने वैर’ एवढ्यावर ते संपवले जाते. हुतू आणि तुत्सी यांची भाषा एक होती, धर्म बव्हंशी एक होता आणि घरे एकाच टेकडीवर शेजारीशेजारी होती. त्यांच्यातला भेद खोटा नव्हता, सत्ता आणि गुरेढोरे यांच्याभोवती तो पूर्वीपासून होता. परंतु १९३० च्या दशकात बेल्जियमच्या वसाहती प्रशासनाने प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याची जमात नोंदवली आणि तेव्हापासून हा भेद बापाकडून मुलाकडे कागदानेच जाऊ लागला. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनी ती नोंद पुसली नाही. १९९४ मध्ये रस्त्यारस्त्यांवरच्या नाक्यांवर माणसाला पुढे जाऊ द्यायचे की बाजूला घ्यायचे, हे त्याच नोंदीवरून ठरले.

त्या आधीच्या चार वर्षांत देशात यादवी युद्ध सुरू होते. टांझानियातल्या आरुशा येथे ऑगस्ट १९९३ मध्ये झालेल्या करारानुसार बंडखोरांना सत्तेत वाटा द्यावा लागणार होता आणि राष्ट्राध्यक्षांच्या वर्तुळातल्या अनेकांना तो द्यायचा नव्हता. जुलै १९९३ मध्ये सुरू झालेले आरटीएलएम हे नभोवाणी केंद्र तुत्सींना ‘इन्येंझी’ म्हणजे झुरळे म्हणत होते. पुढे हत्याकांडाच्या दिवसांत ते माणसांची नावे आणि ती कुठे सापडतील हेही सांगू लागले. ११ जानेवारी १९९४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख जनरल रोमेओ डॅलेअर यांनी न्यूयॉर्कला तार पाठवली. राजधानी किगालीतल्या तुत्सींची नोंद करण्याचा आदेश आपल्याला मिळाला आहे आणि आपली माणसे वीस मिनिटांत हजार जणांना मारू शकतील, असे एका खबऱ्याने सांगितल्याचे त्या तारेत होते. लपवलेली शस्त्रे जप्त करण्याचा डॅलेअर यांचा बेत मुख्यालयाने थांबवला. ६ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले आणि काही तासांतच राजधानीत नाके उभे राहिले, ठरलेल्या घरांवर सैनिक पोहोचले. पुढच्या सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. (पाहा, मीही तेच वाक्य लिहिले.) ती मारली जात असताना, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना २७० जणांपर्यंत कमी करण्याचा ठराव केला.

या सगळ्यात मला सर्वाधिक विचार करायला लावले ते दक्षिणेकडच्या बुतारे प्रांताने. एप्रिलच्या पहिल्या दोन आठवड्यांत देशाचा मोठा भाग रक्ताने माखत असताना, कडेचे काही भाग वगळता, बुतारे बराचसा शांत होता आणि शेजारच्या प्रांतांतून जीव वाचवून आलेले लोक तिथे आसरा घेत होते. तिथला प्रीफेक्ट, म्हणजे प्रांतप्रमुख, ज्याँ-बाप्तिस्त हाब्यालिमाना हा त्या पदावर असलेला देशातला एकमेव तुत्सी होता आणि त्याने हत्यांना परवानगी दिली नव्हती. १७ एप्रिलला त्याला पदावरून काढल्याचे जाहीर झाले. १९ एप्रिलला हंगामी राष्ट्राध्यक्ष स्वतः बुतारेत आले आणि ‘काम’ न करता बाजूला उभे राहणाऱ्यांची त्यांनी भाषणात कानउघाडणी केली. ‘काम’ म्हणजे काय, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळत होते. त्यानंतर एक-दोन दिवसांत तिथेही हत्या सुरू झाल्या आणि बुतारे सर्वाधिक बळी गेलेल्या प्रांतांपैकी एक ठरला. हाब्यालिमानाला पुढे अटक करून ठार करण्यात आले. याच प्रांताच्या खटल्यात रवांडासाठी नेमलेल्या आरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २०११ मध्ये पॉलिन न्यिरामासुहुको या माजी मंत्रिबाईंना दोषी ठरवले. त्या कुटुंबकल्याण आणि स्त्रीविकास खात्याच्या मंत्री होत्या आणि त्यांच्यावरच्या सिद्ध आरोपांत बलात्कारांच्या जबाबदारीचाही समावेश होता.

बुतारेतल्या माणसांच्या मनात १५ एप्रिलला द्वेष नव्हता आणि २० एप्रिलला तो अचानक आला, असे कोणी म्हणणार नाही. भीती, अफवा, हेवा, युद्धाचा ताण, सारे आधीपासून तिथे होते. बदलली ती परवानगी. म्हणूनच ‘द्वेष वाढला की संहार होतो’ हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. द्वेष जगात मुबलक आहे, संहार त्या मानाने विरळ आहेत. ते जिथे झाले तिथे बहुधा युद्ध चालू होते किंवा सत्ता हातून निसटण्याची भीती राज्यकर्त्यांना ग्रासत होती. एखादा समूह ‘आपल्यातला नाही’ असे कायद्यात किंवा दप्तरात आधीच लिहून ठेवलेले होते. आणि पूर्वीच्या हत्यांबद्दल कोणालाही शिक्षा झालेली नव्हती.

मारणाऱ्यांविषयीही आपली समजूत सोयीची असते. १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधल्या युझेफुफ या गावी जर्मनीच्या राखीव पोलीस बटालियन १०१ च्या माणसांनी सुमारे १,५०० ज्यूंना गोळ्या घातल्या. हे पाचशेच्या आसपास पोलीस प्रामुख्याने हॅम्बुर्गचे, मध्यमवयीन आणि संसारी होते. त्यांचा मेजर ट्राप याने सकाळीच सांगितले होते की, वयाने मोठे असलेल्यांपैकी ज्यांना हे काम झेपणार नाही त्यांनी बाजूला व्हावे. तेव्हा साधारण डझनभर माणसे पुढे झाली आणि त्यांना कोणतीही कठोर शिक्षा झाली नाही. बाकीच्यांतले काही नंतर टाळू लागले, पण बहुतेकांनी सांगितले ते केले. सोबत्यांपुढे भेकड दिसण्याची लाज, आपल्या वाट्याचे काम दुसऱ्यावर ढकलल्याचा संकोच, वरिष्ठांचा शब्द, अशा रोजच्या जगण्यात आपण सद्गुण मानतो त्या गोष्टींनीच त्यांना तिथे धरून ठेवले. मला हे वाचताना जी अस्वस्थता आली ती क्रूरकर्म्यांची वर्णने वाचताना कधी आली नव्हती.

उलट बाजूने पाहिले तर नकाराला किंमत नव्हती असे मुळीच नाही. बोस्नियातल्या स्रेब्रेनिका गावातून पकडलेल्या शेकडो मुस्लिम बंदिवानांवर ब्रान्येवो शेतावर १६ जुलै १९९५ रोजी गोळ्या झाडणाऱ्या बोस्नियन सर्ब तुकडीतला द्राजेन एर्देमोविच याने माजी युगोस्लाव्हियासाठी नेमलेल्या हेगच्या न्यायाधिकरणापुढे गुन्हा कबूल केला. आपण नकार दिला तेव्हा ‘त्यांची दया येत असेल तर त्यांच्या रांगेत उभा राहा’ असे उत्तर मिळाल्याचे त्याने सांगितले. न्यायाधीशांनी त्या दडपणाचा शिक्षा ठरवताना विचार केला, पण निरपराधांना मारण्याचे ते समर्थन होऊ शकत नाही असे बहुमताने ठरवले. या निर्णयावर कायद्याच्या अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. मला तो बरोबर वाटतो, पण तो लिहिणे मला जमले असते असे मी म्हणणार नाही.

स्रेब्रेनिकाचे नाव घेतले की प्रतिबंधाचा प्रश्न टाळता येत नाही. सुरक्षा परिषदेने एप्रिल १९९३ मध्ये या गावाला ‘सुरक्षित क्षेत्र’ घोषित केले, पण ते सुरक्षित ठेवण्याइतके बळ तिथे पाठवले नाही. जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याने गाव घेतले आणि काही दिवसांत आठ हजारांहून अधिक बोस्नियन मुस्लिम पुरुषांना आणि मुलग्यांना ठार केले. ज्यांनी त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून तिथे आसरा घेतला होता त्यांच्यासाठी ते शब्दच सापळा ठरले. निभावता न येणारे संरक्षण जाहीर करणे हे, माझ्या मते, काहीच जाहीर न करण्यापेक्षा वाईट आहे.

वंशसंहाराविषयीच्या १९४८ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नावात ‘शिक्षा’ या शब्दाच्या आधी ‘प्रतिबंध’ हा शब्द आहे. तरीही प्रतिबंधाचे कर्तव्य नेमके केव्हा सुरू होते, हे न्यायालयाने स्पष्टपणे सांगायला २००७ साल उजाडले. बोस्निया विरुद्ध सर्बिया या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटले की, वंशसंहाराचा गंभीर धोका आहे हे एखाद्या राष्ट्राला कळते किंवा कळायला हवे होते, त्या क्षणापासून ते कर्तव्य लागू होते; राष्ट्राने यशस्वी व्हावेच असे नाही, परंतु आपल्या हाती असलेली सर्व वाजवी साधने वापरली पाहिजेत. स्रेब्रेनिकातला वंशसंहार सर्बियाने स्वतः केला असे न्यायालयाने मानले नाही, पण तो रोखण्याचे कर्तव्य सर्बियाने पाळले नाही असे मात्र निश्चितपणे म्हटले.

साधने नेहमी लष्करीच असतात असे नाही. केनियात डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर हजारावर माणसे मारली गेली आणि लाखो लोकांना घरे सोडावी लागली. आफ्रिकी संघाच्या वतीने कोफी अन्नान जानेवारीत तिथे गेले आणि दोन्ही नेते सही करेपर्यंत तिथून हलले नाहीत. २८ फेब्रुवारी २००८ रोजी सत्तावाटपाचा करार झाला. ज्यांच्यावर हिंसेला फूस दिल्याचा संशय होता त्यांच्यापैकी काहीजण सत्तेतच राहिले आणि पुढे हेगच्या फौजदारी न्यायालयातले खटलेही टिकले नाहीत, हे मला खुपते. तरीही मार्च उजाडला तेव्हा जे जिवंत होते ते त्या वाटाघाटींमुळेही जिवंत होते.

शेवटी दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने असलेल्या बल्गेरियाविषयी. मार्च १९४३ मध्ये तिथल्या संसदेचे उपाध्यक्ष दिमितर पेशेव यांना ज्यूंना जर्मनांच्या हवाली करण्यासाठी पाठवण्याचा गुप्त बेत कळला. ते स्वतः सत्ताधारी बाजूचे होते आणि ज्यूविरोधी कायद्याला त्यांनी पूर्वी पाठिंबा दिला होता. त्यांनी अंतर्गत मंत्र्याला गाठून पाठवणी थांबवायला लावली आणि नंतर बेचाळीस सहकाऱ्यांच्या सह्यांसह पंतप्रधानांना निषेधाचे पत्र दिले. त्याबद्दल त्यांचे पद गेले. चर्चच्या धर्मगुरूंनीही आवाज उठवला, आणि बल्गेरियातले सुमारे ४८,००० ज्यू युद्धातून जिवंत राहिले.

त्याच महिन्यात, त्याच सरकारने, आपल्या ताब्यातल्या थ्रेस, मॅसेडोनिया आणि पिरोत येथील ११,३४३ ज्यूंना जर्मनांच्या हवाली केले आणि ते जवळजवळ सगळे त्रेब्लिंका येथील नाझी मृत्युछावणीत मारले गेले. त्यांच्यासाठी बोलणारा आमदार संसदेत नव्हता, कारण ते बल्गेरियाचे नागरिकच नव्हते. त्या प्रदेशातल्या इतर रहिवाशांना नागरिकत्व देताना ज्यूंना वगळणारा हुकूम जून १९४२ मध्ये निघाला होता. त्या कागदावर सही झाली तेव्हा गाड्या निघायला अजून नऊ महिने होते.