तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी चार्ज कुठं करता?

परवा ठोसेघरच्या वरच्या अंगाला एका गोठ्यावर गाभण गाय तपासून हात धूत होते. मालक तांब्यानं हातावर पाणी ओतत होते, पण नजर माझ्या गाडीवर. म्हणाले, "मॅडम, ही बॅटरीची हाय न्हवं? मग हिकडं डोंगरात चार्जिंग कुठं करता? आमची लाईट तर निम्मा दिस नसती."

मी साताऱ्यात राहते आणि पशुवैद्यक म्हणून खासगी काम करते. परळी खोरं, ठोसेघर-चाळकेवाडीचं पठार, कासच्या बाजूच्या वाड्या, कधी मेढ्याकडं, असा माझा फिरण्याचा भाग. चौदा वर्षं एकच डिझेल गाडी वापरली आणि गेल्या वर्षी जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, हायब्रीड एसयूव्ही घेतली. तेव्हापासून हा प्रश्न मला डेअरीवर, पेट्रोल पंपावर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं विचारला गेलाय. बहुतेक वेळा मी घाईत असते. "चार्जिंग लागत नाही" एवढं बोलून निघते आणि विचारणाऱ्याचं काही समाधान होत नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते.

गाडी मी चार्ज करत नाही, उतार करतो. गाडीत दोन यंत्रं आहेत, पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर. चाकांना कधी एक ओढतं, कधी दुसरं, कधी दोन्ही मिळून. ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेकवर हलका पाय ठेवला की तीच मोटर उलटं काम करायला लागते. चाकं तिला फिरवतात आणि ती वीज तयार करते. सायकलचा डायनामो आठवतो का? टायरला टेकवला की सायकल जड व्हायची आणि दिवा लागायचा. तो जडपणा म्हणजेच इथला ब्रेक. साध्या गाडीत उतारावरची ही बरीचशी ताकद ब्रेक तापण्यात जाते. घाट उतरून आल्यावर चाकांपाशी जो जळका वास येतो तो तिचाच. माझ्या गाडीत तिची वीज होऊन बॅटरीत साठते आणि पुढच्या चढाला किंवा गावातल्या गर्दीत उपयोगी पडते.

बाहेरून वायर लावायला गाडीला जागाच नाही. वायर लावता येते ती प्लग-इन हायब्रीड वेगळी. जिच्यात छोटी मोटर इंजिनाला नुसता हात देते, पण एकटी गाडी ओढू शकत नाही, ती माइल्ड हायब्रीड वेगळी. माझी या दोन्हींच्या मधली, तिला स्ट्राँग हायब्रीड म्हणतात. टोयोटानं 1997 साली जपानात प्रियस विकायला काढली, तेव्हापासून ही पद्धत रस्त्यावर आहे. त्यामुळं "नवीन आहे, टिकेल का?" या शंकेला माझ्याकडं तेवढं उत्तर आहे. चालताना वीज कधी वापरायची आणि कधी साठवायची हे गाडी स्वतः ठरवते. नुसत्या बॅटरीवर मात्र एखाद-दोन किलोमीटरच्या वर जात नाही. "पेट्रोल संपलं तर बॅटरीवर घरी पोचाल" असं जे लोक समजतात ते खरं नाही.

आता उताराची गंमत सांगते, कारण मला या गाडीतलं सगळ्यात जास्त आवडलेलं ते आहे. माझ्या गाडीची मोठी बॅटरी जेमतेम पाऊण युनिटाची. लाईटबिलात छापलेलं असतं तेच युनिट. गाडी, मी आणि मागचं सामान धरून वजन होतं साधारण दीड टन. दीड टन वजन 300 मीटर खाली उतरलं तर हिशोबानं सव्वा युनिट ताकद मोकळी होते. त्यातली काही टायरच्या घर्षणात, वाऱ्यात आणि विजेच्या अदलाबदलीत जाते. शिवाय बॅटरी कधीच पूर्ण रिकामी नसते, गाडी तिला मधल्या टप्प्यातच खेळवते. म्हणजे साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटातून खाली यायला निघालं की शहरातलं समर्थ मंदिर यायच्या बरंच आधी बॅटरी भरून जाते. पडद्यावर हिरव्या काड्या शेवटपर्यंत चढतात आणि मग गाडी एकदम घुर्रऽऽ करून ओरडायला लागते.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा शेजारी सासूबाई होत्या. कासची फुलं बघून परत येत होतो. निम्म्या घाटात इंजिन असं गरजलं की त्यांनी दाराची मूठ धरली आणि म्हणाल्या, "अगं, थांबव, काहीतरी तुटलं." मीही घाबरले होते. एका वळणाच्या आधी रुंद जागा बघून थांबले, बॉनेट उघडलं, काही दिसलं नाही. घरी येऊन पुस्तिका वाचली तेव्हा कळलं की ते बिघडणं नव्हतं. बॅटरीत जागा उरली नाही की मोटर जास्तीची वीज इंजिन नुसतं फिरवण्यात खर्च करते. पेट्रोल जळत नाही, पण इंजिनाचा अडसर चाकांना मिळतो आणि ब्रेक तापत नाहीत. आपण उताराला दुसरा गिअर टाकतो ना, तेच काम. आता मी घाट सुरू व्हायच्या आधीच गिअरचा दांडा 'बी'वर, म्हणजे उतारासाठीच्या ब्रेकच्या खाचेत, आणते आणि सोबत कुणी असेल तर आधीच सांगून ठेवते, की खाली गाडी ओरडेल, घाबरू नका.

चढाला ओढते का, हा त्याच्या मागोमाग येणारा प्रश्न. ओढते. दोन्ही मिळून ताकद साधारण 115 हॉर्सपॉवर. पण पाय तळाला टेकवून चढवलीत तर आवाज फार आणि वेग मात्र सावकाश वाढल्यासारखा वाटतो, कारण गिअर बदलल्याचा झटका यात नसतोच. लांब चढात बॅटरी दोन काड्यांवर आली की मोटरचा हात सुटतो आणि एकट्या इंजिनाचा दम कळतो. सुरुवातीपासून निम्म्या पायानं, एका लयीत चढवायची. मला महिना लागला ते जमायला.

आता खरं कामाचं. गाडी आवाज न करता गोठ्यापाशी जाते याचं महत्त्व जनावरं पाळणाऱ्यालाच कळेल. जुन्या डिझेलचा आवाज आला की दावणीच्या गाई उठून उभ्या राहायच्या, कान टवकारायच्या. आजारी जनावर तर आणखी बावरायचं. आता मी पोचते तेव्हा ती रवंथ करत बसलेली असतात. बसलेल्या जनावराचा श्वास मोजता येतो, ते कसं उठतं हे बघता येतं. तपासणीची निम्मी माहिती तिथंच मिळते. याची दुसरी बाजूही आहे. वाडीतल्या कोंबड्या आणि शेरडं गाडीला बाजूच देत नाहीत, कारण त्यांना ती ऐकूच येत नाही. माणसं पाठमोरी असली तर तीही. मी वाडीत शिरताना काच खाली करते आणि हाका मारत जाते.

गेल्या भाद्रपदातली एक रात्र सांगते. परळी खोऱ्यातल्या एका वाडीत म्हैस अडली होती. पोचले तेव्हा साडेबारा वाजले असतील. लाईट नाही, पाऊस बारीक. मी गाडी गोठ्याच्या तोंडाला लावली आणि हेडलाईट आत सोडले. अशी उभी गाडी बॅटरीवर दिवे चालवते आणि बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होऊन दोन-चार मिनिटांत ती पुन्हा वर आणते. जुन्या गाडीला दीड तास इंजिन चालू ठेवावं लागलं असतं, धूर गोठ्यात. रेडकाची मान मागं वळली होती. माझा हात खांद्यापर्यंत आत, बोटांना नुकताच जबडा लागला, आणि त्याच क्षणी इंजिन सुरू झालं. म्हैस दचकून बाजूला सरकली आणि माझा हात दाबला गेला. नशीब, मोडला नाही.

मग त्या घरच्या सातवीतल्या मुलीला मी ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. हँडब्रेक लावला होता, गिअर 'पी'मध्ये. तिला सांगितलं, कशालाही हात लावायचा नाही, फक्त पडद्यावरच्या काड्या बघायच्या आणि दोन उरल्या की ओरडायचं. ती पोर तासभर तिथं डोळ्यांची पापणी न लवता बसली. "मॅडम, दोनच ऱ्हायल्या!" अशी हाक आली की तिचे वडील म्हशीची मोरकी घट्ट धरायचे, मी हात सैल सोडायची. इंजिन सुरू व्हायचं, म्हैस जागच्या जागी थरथरायची, आणि आवाज थांबला की आम्ही पुन्हा कामाला. मान सरळ झाली, दोरी लागली आणि दोनच्या सुमाराला रेडकू बाहेर आलं. जिवंत. त्या मुलीनं खाली उतरून आधी रेडकाला हात लावला आणि मग गाडीला.

तरुण मुलं विचारतात ते वेगळंच. फोर बाय फोर आहे का? नाही. ताकद फक्त पुढच्या चाकांना. मी घेतली तेव्हा या किमतीत चारही चाकांना ताकद हवी असेल तर माइल्ड हायब्रीड घ्यावी लागत होती आणि स्ट्राँग हवी तर पुढची दोनच चाकं. मी महिनाभर विचार केला. माझे निम्म्याहून जास्त किलोमीटर डांबरी घाटात आणि गावात जातात, म्हणून मोटर निवडली. जमिनीपासून उंची 210 मिलिमीटर आहे, जवळजवळ एक वीत. जांभ्याच्या उघड्या दगडांचे गाडीवाट रस्ते त्यावर निभावतात. पण जुलैमध्ये एका वस्तीच्या चढाला ओल्या तांबड्या मातीत पुढची चाकं जागेवर फिरायला लागली. घसरण ओळखून गाडीनं ताकदच काढून घेतली. ती सोय बटणानं बंद केली, चाकांखाली खताची रिकामी पोती घातली, तरी निघेना. शेवटी ट्रॅक्टरनं ओढलं. ज्यांचं घरच अशा चढाला आहे त्यांनी चारही चाकांचीच घ्यावी, हे मी सगळ्यांना स्पष्ट सांगते.

आणि "कासच्या पठारावर घालून बघितली का?" असं जे विचारतात त्यांना माझं उत्तर कडक असतं. पठारावर गाडी घालायची नसते. कातळावर मातीचा थर बोटभर सुद्धा नसतो आणि त्या थरातच सगळी फुलं येतात. टायरचा चरा पडला की पुढच्या पावसात तिथली माती वाहून जाते. पश्चिम घाटाचा भाग म्हणून कास 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आपल्या जिल्ह्यात गाडीची परीक्षा घ्यायला घाट कमी नाहीत.

"पाण्यात शॉक बसत नाही का?" नाही. जास्त दाबाच्या नारिंगी वायरी गाडीच्या पत्र्यापासून पूर्ण वेगळ्या ठेवलेल्या असतात आणि काही बिघडलं की बॅटरी स्वतःला तोडून घेते. पण वाहत्या ओढ्यात मी कुठलीच गाडी घालत नाही.

किलोमीटर मी वहीत लिहिते, टाकी पूर्ण भरून ते परत पूर्ण भरेपर्यंत. सातारा शहरात, पोवई नाका ते राजवाडा या गर्दीत लिटरला 25 किलोमीटरपर्यंत मिळतं. घाट आणि वाड्या मिळून 21. पुण्याला हायवेनं शंभरच्या वेगानं गेले तर 19. हे उलटं कसं, असं लोक विचारतात. थांबत-निघत चालताना मोटर जास्त काम करते आणि हायवेला इंजिनच सगळं ओढतं, म्हणून. रोज पुणे-सातारा करणाऱ्याला हायब्रीडचा जास्तीचा पैसा सहज वसूल होईल असं मला वाटत नाही. नंबर प्लेट पांढरीच असते, हिरवी नाही. विजेच्या गाडीवर जीएसटी 5 टक्के आहे, ती सवलतही हिला नाही.

दोन अडचणी घेण्याआधी मला कुणी सांगितल्या नव्हत्या. बॅटरी मागं डिकीत खाली असते, त्यामुळं डिकी उथळ होते. कृत्रिम रेतनाच्या मात्रा ठेवायचा द्रव नायट्रोजनचा कॅन उभाच न्यावा लागतो, तो तिथं मावला नाही. आता मागची निम्मी सीट पाडून तिथं पट्ट्यानं बांधते आणि काच थोडी उघडी ठेवते. सीटजवळ बॅटरीला हवा घेणारी जाळी आहे, तिच्यावर पोतं किंवा कडब्याचा भुसा जाऊ देत नाही. दुसरी अडचण, मोठ्या बॅटरीशिवाय गाडीत आपली नेहमीची छोटी 12 व्होल्टचीही बॅटरी असते आणि गाडी जागी होते ती हिच्यावर. फेब्रुवारीत मी वीस दिवस आजारी होते, गाडी दारात उभी. एकविसाव्या दिवशी बटण दाबलं तर काहीच नाही. शेजाऱ्यांच्या रिक्षाला केबल जोडून तिला उठवली. तेव्हापासून घरी असले तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास 'रेडी', म्हणजे बटण दाबून चालू, करून ठेवते.

घ्यायचा विचार करत असाल तर चाचणीची गाडी हायवेवर फिरवून आणू नका. घरची चार माणसं बसवा, बोगद्याच्या अलीकडून यवतेश्वरला चढा, वर दहा मिनिटं थांबा आणि 'बी'वर खाली या. उतरताना मागं बसलेल्यांना पडद्यावरच्या काड्या मोजायला सांगा. आणि घरून निघताना रोजच्या सामानातली सगळ्यात मोठी वस्तू, दुधाचा कॅन असो की आजीची व्हीलचेअर, सोबत घेऊन जा आणि डिकीत ठेवून बघा.