चाकांची बॅग घेऊन म्यूरेनला

स्वित्झर्लंडमधील म्यूरेन या गावी मी पहिल्यांदा फेब्रुवारीत गेले, तेव्हा माझ्यासोबत चाकांची एक अवजड बॅग होती आणि ती नेणे हा शुद्ध अडाणीपणा होता. खाली दरीतल्या लाउटरब्रुनेन गावाहून वर ग्रुटशाल्प स्टेशनला जाणाऱ्या केबल कारमध्ये चढण्यापूर्वी सहज वाकून पाहिले, तर पाळण्याखाली टांगलेल्या फलाटावर भाजीचे खोके, पेयांचे क्रेट आणि कोणाचे तरी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कपाट पट्ट्यांनी आवळून ठेवले होते. गावातील सुमारे चारशे रहिवाशांना आणि त्यांच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांना जे जे लागते, त्यातले बरेचसे असे तारेवरून वर चढते आणि पुढे १८९१ पासून चालत आलेल्या छोट्या रेल्वेने गावात पोचते. (केबल कार मात्र २००६ मधली, तिच्या आधी त्या चढावर दोराने ओढली जाणारी गाडी होती.)

म्यूरेन १,६३८ मीटर उंचीवर, थेट कड्याच्या काठावर वसले आहे आणि त्याच्या पायथ्याची दरी साधारण ८०० मीटरांवर आहे. गावात मोटारी नाहीत यामागे पर्यावरणाचा फार मोठा विचार असावा, अशी माझी समजूत होती. पण खरे कारण तो कडाच आहे. खालून गावापर्यंत येणारा सार्वजनिक रस्ताच नाही. अर्थात ‘मोटारमुक्त’ या शब्दालाही थोडी मुरड घालावी लागते, कारण हॉटेलांच्या छोट्या विजेच्या गाड्या आणि शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर अधूनमधून भेटतात. बाकी सगळे पायी. स्टेशनपासून मुक्कामापर्यंतच्या पाऊण किलोमीटरमध्ये माझ्या बॅगेची चाके बर्फाने गच्च भरली आणि ती ओढल्यावर नांगरासारखी रेघ उमटू लागली. तेवढ्यात एक आजीबाई लाकडी घसरगाडीवर किराणा ठेवून, दोरी मनगटाला गुंडाळून, मला मागे टाकून शांतपणे निघून गेल्या.

स्कीइंगच्या इतिहासात या एवढ्याशा गावाचे नाव फार मोठे आहे. येथील उतारावर १९२२ मध्ये आर्नल्ड लन या ब्रिटिश स्कीपटूंनी झेंड्यांच्या जोड्यांमधून वळत जाण्याची, शैलीला गुण न देता केवळ वेळ मोजणारी स्लालम शर्यत घेतली आणि १९३१ मध्ये अल्पाइन स्कीइंगची (म्हणजे डोंगरउतारावरून वेगाने खाली येण्याची) पहिली जागतिक स्पर्धाही येथेच झाली. शिल्टहॉर्न शिखराजवळून सुटणारी ‘इन्फर्नो’ शर्यत १९२८ पासूनची. बर्फ पुरेसा असेल तर ती जवळजवळ १५ किलोमीटर उतरत खाली लाउटरब्रुनेनपर्यंत जाते. मी या परंपरेत घातलेली भर म्हणजे नवशिक्यांच्या उतारावर चार दिवसांत खाल्लेल्या असंख्य आपट्या. पडण्यापेक्षा पडल्यावर उठणे अवघड असते, हे मात्र मला आधी कोणीच सांगितले नव्हते: पायांना बांधलेल्या स्कीच्या दोन्ही पट्ट्या उताराला आडव्या करून घेतल्याखेरीज उठू पाहणारा माणूस बसल्याबसल्या आणखी दहा फूट खाली जातो.

तिसऱ्या दिवशी दुपारी अशीच बसलेली असताना दरीपलीकडच्या काळ्या भिंतीवरून पांढऱ्या धुराची एक बारीक धार खाली येताना दिसली. आवाज नव्हता. मी मनात आकडे मोजू लागले आणि नऊपर्यंत आल्यावर जड लाकडी दार लोटावे तशी गडगड ऐकू आली. कोसळणारा बर्फ तोवर तळाशी पोचून थांबलाही होता. इंजिनांची घरघर नसलेल्या गावात शांतता असते असे म्हणतात, ते मला फारसे पटले नाही. उलट एरवी दबून जाणारे आवाज येथे सुटे होतात. बर्फावर बुटांची करकर, घसरगाडीच्या धातूच्या पट्टीचा ओरखडा आणि रात्री छपरावरून धपकन खाली येणारा बर्फ.

सप्टेंबरात पुन्हा गेले ती चालण्यासाठी, आणि या वेळी पाठीवर सॅक होती. आल्मेंडहूबेल या १,९०७ मीटर उंचीच्या टेकाडापर्यंत दोराच्या रेल्वेने जाऊन तेथून ग्रुटशाल्पपर्यंत उतरत जाणारी वाट मी निवडली. समोर आयगर, म्योंश आणि युंगफ्राऊ ही तीन शिखरे सोबतीला असतात, त्यामुळे पायाखाली पाहायचे राहून जाते आणि ओल्या मुळांवर घसरायला होते. वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये नसून तास-मिनिटांत लिहिलेले असते. त्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, हे मला दुसऱ्या पाटीपाशी उमगले. अडीच तासांची वाट मला साडेतीन तासांहून जास्त पुरली.

ग्रुटशाल्पला पोचले तेव्हा केबल कार सुटण्याच्या बेतात होती. खालच्या फलाटावर आता रिकामे क्रेट, बाटल्यांचे पिंप आणि कचऱ्याच्या घट्ट बांधलेल्या पिशव्या लादलेल्या होत्या. मी वर पाळण्यात उभी राहिले, दार लागले आणि आम्ही सगळे एकदमच दरीत उतरू लागलो.