गाडी बंद, जमा चालू

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये लातूरच्या आमच्या शाखेत छोट्या कर्जांचे काम माझ्याकडे आले, तेव्हा टेबलावरच्या मुद्रा योजनेच्या फायलींपैकी एका फायलीवर आधीच्या अधिकाऱ्यांनी पेन्सिलने दोन शब्द लिहून ठेवलेले होते : ‘जमा संशयास्पद’. अर्ज दोघा भावांचा होता. ट्यूशन एरियात त्यांची बर्गर आणि हॉट डॉगची गाडी होती. आता गाडीवरून गाळ्यात जायचे, चार टेबले टाकायची, डीप फ्रीजर, मोठा तवा आणि फ्रायर घ्यायचा, यासाठी त्यांनी अडीच लाख रुपये मागितले होते.

मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ पासून सुरू आहे आणि तिच्या किशोर गटात पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंतचे कर्ज तारण न घेता दिले जाते. तारण नसले की सगळी भिस्त पाहणीवर असते. या भावांनी फेरीवाल्यांच्या स्वनिधी योजनेतून आधी १० हजार आणि नंतर २० हजार रुपये घेऊन वेळेत फेडलेले होते, त्यामुळे नाकारण्याचे उघड कारण नव्हते. शंका होती ती खात्याच्या उताऱ्यावरून. उन्हाळ्यात आधीचे अधिकारी एका दुपारी पाहणीला गेले, तेव्हा गाडी ताडपत्रीखाली बंद होती आणि दीड महिना ती बंदच राहणार, असे शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितले होते. तरीही त्याच मे आणि जून महिन्यांत खात्यावर चाळीस, साठ, ऐंशी, एकशे वीस अशा किरकोळ रकमा जमा होत होत्या. पाठवणारी नावे प्रत्येक वेळी वेगळी होती. त्याआधीच्या नोव्हेंबरमध्ये तर जमा एकदम दुपटीवर गेलेली होती. कर्जाआधी उलाढाल फुगवून दाखवण्यासाठी मित्रमंडळींकडून खात्यावर लहान लहान रकमा टाकून घ्यायच्या आणि नंतर त्या रोखीने परत करायच्या, हा प्रकार आम्ही बँकवाल्यांनी अनेकदा पाहिलेला आहे. त्यामुळे पेन्सिलने लिहिलेले ते दोन शब्द मला चुकीचे वाटले नाहीत. माझाही पहिला अंदाज तोच होता.

फाईल परत पाठवण्याआधी एकदा स्वतः जाऊन बसावे, असे मी ठरवले आणि त्यासाठी मुद्दाम रविवार निवडला. लातुरात सगळ्या मराठवाड्यातून, कंधार-मुखेडपासून कळंब-परंड्यापर्यंतची मुले नीट आणि जेईई या प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी येऊन राहतात. त्यांचे दोन वेळचे जेवण खानावळीत ठरलेले असते, पण बहुतेक खानावळींना रविवारी संध्याकाळी सुट्टी असते. शिवाय अनेक क्लासेसच्या चाचण्या रविवारीच असतात. ट्यूशन एरियातल्या खाण्याच्या गाड्यांचा खरा धंदा पाहायचा असेल तर तो याच संध्याकाळी दिसतो. बँकेच्या वेळेत गेलेल्या माणसाला तो दिसणारच नाही.

साडेपाचला मी गाडीशी पोहोचले. थोरल्या भावाने मला बँकेत पाहिलेले असल्यामुळे त्याने लगबगीने स्टूल पुसून पुढे केले. मी त्याला सांगितले, की मी आधी खाणार आहे, पैसे देऊन खाणार आहे, आणि गाडी बंद होईपर्यंत इथेच बसणार आहे. त्यावर तो एवढेच म्हणाला, “बसा की मॅडम. आज दहा वाजतेत.”

एक बर्गर आणि एक हॉट डॉग मी मागवला. बर्गर हे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आले आणि अमेरिकेत त्याचा अर्थ गोमांसाच्या चपट्या वड्याचा पाव असा झाला, तरी आपल्याकडे बर्गर म्हटले की बटाट्याचीच टिक्की डोळ्यासमोर येते. मॅकडोनाल्ड्सने १९९६ मध्ये दिल्लीत पहिले दुकान उघडले, तेही गोमांस वगळून. या गाडीवरची टिक्की धाकटा भाऊ घरी करत असे. उकडलेला बटाटा, वाटाणा, गाजर आणि बांधणीला भिजवलेले पोहे, वरून मैद्याच्या पातळ पिठात बुडवून पावाच्या चुऱ्यात घोळवलेली. थोरल्याने पाव आडवा कापला, कापलेल्या बाजूने लोण्यावर टाकला आणि उलथण्याने कडा तेवढ्या दाबल्या, मधला भाग दाबला नाही. त्यामुळे पावाच्या कडा कुरकुरीत झाल्या आणि आतला लुसलुशीतपणा टिकला. बारीक चिरलेली कोबी त्याने आयत्या वेळी मेयोनीजमध्ये कालवली. आधीपासून कालवून ठेवली तर पाणी सुटते आणि खालचा पाव भिजतो, हे मी विचारल्यावर त्याने सांगितले. मी तो बर्गर शेवटच्या घासापर्यंत खाल्ला आणि खालचा पाव कागदाला चिकटला नाही, ही गोष्ट माझ्या चांगली लक्षात राहिली.

हॉट डॉग आला तो मात्र गोल पावात. हॉट डॉग म्हणजे लांबट पाव आणि त्यात सॉसेज, अशी माझी समजूत असल्यामुळे मी विचारले. थोरला टाळेबंदीपूर्वी तीन वर्षे इंदूरला छप्पन दुकान भागात कामाला होता आणि तिकडे हॉट डॉग गोल पावातच देतात. तो शिकलेला प्रकार त्याने इथे आणला, पण तिथल्या हिरव्या चटणीवर लातूरची मुले खूश होईनात, म्हणून त्याने लसूण आणि शेंगदाण्याची तिखट चटणी पावाच्या आतल्या बाजूला लावून ती तव्यावर किंचित भाजायला सुरुवात केली. त्या भाजलेल्या शेंगदाण्याच्या वासानेच समोरच्या रस्त्यावरची मुले गाडीकडे वळत होती. माझ्या मते गाडीवरचा सर्वांत चांगला पदार्थ तोच होता.

गोल पावाच्या या उत्तरातून मला माझ्या कामाची गोष्ट सापडली. बर्गर असो की हॉट डॉग, पाव एकच लागत होता, म्हणजे पाव मोजले की विक्री मोजली. बेकरीतून पाव सहा-सहाच्या पाकिटांत येत होते. त्या दिवशी प्लास्टिकच्या निळ्या क्रेटमध्ये पंचवीस पाकिटे होती, ती मी बसल्याबरोबर मोजली. रिकामी पाकिटे धाकटा फेकून न देता एका पोत्यात भरून ठेवत असे आणि आठवड्यातून एकदा भंगारवाल्याला देत असे. ते पोते मी मागवून घेतले. सोमवार ते शनिवारची पासष्ट पाकिटे निघाली, म्हणजे सहा दिवसांत ३९० पाव, रोजचे सरासरी पासष्ट. दुसऱ्या दिवशी बेकरीच्या बिलबुकाशी मी हा आकडा पडताळला आणि तो जुळला.

सहा वाजल्यानंतर मात्र मोजणे बाजूला राहिले. चाचण्या सुटल्या आणि पाठीवर दप्तरे घेतलेली मुले-मुली गाडीभोवती दाटली. खाता खाता मुले उत्तरे ताडून पाहत होती आणि एक मुलगी स्टुलाच्या कडेवर प्रश्नपत्रिका पसरून रसायनशास्त्राच्या एका प्रश्नावर मैत्रिणीशी भांडत होती. हातातल्या बर्गरमधली कोबी त्या कागदावर पडत होती, पण तिचे तिकडे लक्ष नव्हते. सोळा-सतरा वर्षांची ही मुले पहिल्यांदाच घराबाहेर राहतात. आठवडाभर एकाच चवीची पातळ भाजी खाल्ल्यावर पन्नास रुपयांत स्वतःच्या मनाने काही निवडून खाण्याची त्यांना मिळणारी ही एवढीच वेळ असते. मी चाकूर तालुक्यातून शिकायला आले तेव्हा अशा गाड्या नव्हत्या आणि रविवारची संध्याकाळ आम्ही बिस्किटांवर काढायचो. म्हणून ती गर्दी पाहताना मला मनापासून बरे वाटत होते.

याच गर्दीत मला ती वही दिसली. साधारण दर चौथा-पाचवा मुलगा पैसे न देता धाकट्याला काहीतरी सांगत होता आणि धाकटा तव्याच्या कडेला ठेवलेल्या लांबट वहीत लिहीत होता. गर्दी ओसरल्यावर मी ती मागितली. धाकट्याने थोरल्याकडे पाहिले, थोरल्याने मान हलवली. वहीत बहुतेकांची नावे नव्हती. ‘कंधार, चष्मा – ६०’, ‘निलंगा, उंच – १२०’, ‘गंगाखेडच्या दोघी – ८०’, ‘औसा, लाल सायकल – ४०’ अशा नोंदी होत्या आणि वसूल झालेल्यांवर आडवी रेघ मारलेली होती.

मी माझ्या पिशवीतून उतारा काढला. मागच्या शैक्षणिक वर्षाची पाने आणि उतारा शेजारी-शेजारी ठेवून आम्ही तिघांनी दिव्याखाली बसून ताडायला सुरुवात केली. मेच्या दुसऱ्या आठवड्यातली साठ रुपयांची जमा वहीत सापडली, जूनमधले एकशे वीस सापडले. त्या वर्षी नीटची परीक्षा ७ मे रोजी झाली आणि त्यानंतर मुले खोल्या रिकाम्या करून गावी गेली. गाडी बंद होती, पण जाताना राहिलेले पैसे मुले गावाहून फोनवर पाठवत होती. काहींनी रकमेसोबत ‘बर्गर बाकी’ असेही लिहिलेले होते. उताऱ्याच्या बारीक अक्षरांत ते आमच्यापैकी कोणीच वाचलेले नव्हते. अठ्ठावीस जमा मी तिथे बसून ताडल्या आणि त्यांपैकी पंचवीस वहीतल्या नोंदींशी जुळल्या.

नोव्हेंबरच्या दुपटीबद्दल विचारल्यावर थोरला म्हणाला, “सोयाबीन, मॅडम. दिवाळीच्या अंगाला गावाकडं सोयाबीन विकतंय, मग घरून लेकरायला पैसे येतेत. जुलैपासूनचं खाल्लेलं तेव्हा देतेत.” मी शेतकऱ्याची मुलगी असून ही गोष्ट मला उताऱ्यावरून सुचली नव्हती, याचे मला वाईट वाटले. जूनमध्ये पेरलेले सोयाबीन शंभर-एकशे दहा दिवसांनी निघते, ऑक्टोबरमध्ये बाजारात येते आणि घराघरांतले थांबलेले देणे त्यानंतर फिटते. लातूरची बाजारपेठ त्याच पैशावर हलते, मग तिथल्या बर्गरच्या गाडीचे खाते तरी त्याला अपवाद कसे असेल?

पण मी सप्टेंबरमध्ये बसले होते आणि ते वर्ष वाईट होते. ऑगस्टभर पाऊस नव्हता. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट त्या वर्षीचा होता आणि मराठवाड्यात शेंगा भरायच्या दिवसांतच सोयाबीनने मान टाकली होती. सरकारचा हमीभाव ४,६०० रुपये क्विंटल होता, पण क्विंटलच कमी निघणार, तर भावाचा उपयोग किती? वहीतली उभी बाकी त्या रात्री १८,७४० रुपये होती. मी थोरल्याला विचारले, की यंदा हे आले नाही तर? उधारी बंद का करत नाही?

तो थोडा वेळ तवा खरवडत राहिला. मग म्हणाला, “बंद केली तर ते लेकरू पुढच्या गाडीवर जातंय मॅडम, अन् पुढच्या साली त्याचा भाऊ येतोय, तो बी तिकडंच जातोय. बुडतेत थोडे. पण लई नाही बुडत.” किती बुडाले, हे वहीवरूनच काढता आले. मागच्या वर्षभरातल्या उधारीपैकी रेघ न मारलेली रक्कम २,१८० रुपये होती. हा हिशोब त्याने स्वतः कधी केला नव्हता. तो ऐकून आश्चर्य त्यालाच जास्त वाटले.

दहा वाजता क्रेटमध्ये एक पूर्ण पाकीट आणि सुटे दोन पाव उरले. १४२ नग गेले होते. सरासरी पन्नास रुपये धरले तर रविवारचे ७,१०० आणि इतर दिवसांचे ३,२५०, म्हणजे चांगल्या महिन्यात १ लाख १३ हजारांच्या जवळपास विक्री. खात्यावर दिसत होते सत्तर हजार, बाकीचे रोखीत आणि वहीत होते. उलाढाल फुगवलेली तर नव्हतीच, उलट खात्यावर ती कमी दिसत होती. नगामागे पाव ७, टिक्की १०, लोणी-मेयोनीज-भाजी ८ आणि गॅस-कागद ३ असा २८ रुपये खर्च जाऊन २२ रुपये सुटत होते. गाळ्याचे ८ हजार भाडे आणि अडीच हजारांचे वीजबिल धरूनही हप्त्याला जागा राहत होती.

वहीतली बाकी मी येणे म्हणून हिशोबात एक रुपयाही धरली नाही. दुष्काळाच्या वर्षात ते धरणे भावांच्या हिताचेही नव्हते. एका मुलाची उधारी तीनशेच्या पुढे जाऊ द्यायची नाही, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले. खरा मुद्दा हप्त्यांचा होता. आमच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे छत्तीस समान हप्ते लावले असते, तर दर मे-जूनमध्ये खाते थकले असते आणि दोन्ही भाऊ कागदोपत्री वाईट कर्जदार ठरले असते. म्हणून मे आणि जूनमध्ये फक्त व्याज, उरलेल्या दहा महिन्यांत दहा हजारांच्या आसपास हप्ता, असा प्रस्ताव करून मी वरिष्ठांकडे पाठवला आणि सोबत वहीच्या दोन पानांच्या छायाप्रती जोडल्या. असे कागद कर्जाच्या फायलीला लावलेले त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. दोनदा फोन झाला, एकदा मला समक्ष जाऊन सांगावे लागले, आणि ऑक्टोबरअखेर कर्ज मंजूर झाले.

त्या वर्षी वसुली खरोखरच रेंगाळली. नोव्हेंबरमध्ये जमा दुपटीवर गेली नाही. डिसेंबरअखेर जुन्या बाकीपैकी ११ हजारांच्या आसपास आले आणि उरलेले मुलांनी तुकड्या-तुकड्यांनी दिले. हप्ता मात्र एकही चुकला नाही. पुढच्या वर्षी ५ मे रोजी नीट झाली, गाळ्याचे शटर खाली आले, आणि त्यानंतर खात्यावर पुन्हा चाळीस, साठ, ऐंशी रुपये दिसू लागले. जूनअखेर १८,७४० पैकी ३,१२० रुपये यायचे राहिले होते.

जुलैमध्ये माझी बदली झाली. फाईल दुसऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी पेन्सिलने लिहिलेल्या त्या दोन शब्दांखाली मी शाईने लिहिले : ‘मे-जूनमध्ये दुकान बंद असताना दिसणारी किरकोळ जमा ही गावी गेलेल्या विद्यार्थ्यांकडून येणारी उधारीची वसुली आहे. सोबत वहीची छायाप्रत. पाहणी करावयाची झाल्यास रविवारी संध्याकाळी सहानंतर करावी.’