आमची वाटचाल : वहीपासून बॉटपर्यंत

बडोद्याच्या दांडिया बाजारात, घराच्या ओट्यालगतच्या खोलीत हिशेब ठेवण्याचं आणि कराची रिटर्न भरण्याचं ऑफिस थाटलं तेव्हा दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर एवढंच होतं. गिऱ्हाईक म्हणजे मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखानदार. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि महिन्याचं सगळं गणितच बदललं.

पुरवठादारांनी दाखवलेली बिलं दर १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर २बी नावाच्या यादीत येतात. त्यात नसलेल्या बिलाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, जानेवारी २०२२ पासून घेता येत नाही. म्हणजे २० तारखेच्या, रिटर्न भरायच्या मुदतीच्या, आत प्रत्येकाची खरेदी त्या यादीशी ताडून बघायची. आमच्या ऑफिसात काम करणाऱ्या ताई स्क्रीनला पट्टी लावून ओळ न् ओळ तपासायच्या. संध्याकाळी त्यांचे डोळे लाल झालेले असत, ते मला बघवत नसे. तेवढ्यात फोन वाजे, "भाई, रिटर्न भराई गयुं?"

मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप हे कॉम्प्युटरवरची ठरावीक कामं आपोआप करून घेणारं सॉफ्टवेअर विंडोज १० वर फुकट दिलं, तिथून आम्ही शिकायला लागलो. फाइल उघडणं, रकाने जुळवणं, न जुळलेली बिलं बाजूला काढणं, हे सगळं हाताने करायचो त्याच क्रमाने बॉट, म्हणजे त्यात बनवलेला आमचा प्रोग्राम, करतो. लॉगिन आणि कॅप्चा आजही आम्हीच भरतो.

ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "अरे, मग मी उद्यापासून येऊ की नको?" तो प्रश्न मला फार लागला.

उत्तर पहिल्या महिन्यातच मिळालं. एका कारखान्याची ढीगभर बिलं बॉटने 'जुळत नाहीत' म्हणून काढली. आम्ही प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो. ताईंनी मात्र सरळ कपाटातून कागदी बिल काढून स्क्रीनशेजारी धरलं. बिलावर नंबर होता ३/११. एक्सेलने त्याची ३ नोव्हेंबर ही तारीख करून टाकली होती! दुसऱ्या एका बिलावरच्या ००७ चे नुसते ७ झाले होते. बॉट बिचारा दिसेल ते ताडत होता.

त्या दिवसापासून नंबरांचा रकाना आधी टेक्स्ट केला जातो, म्हणजे एक्सेल त्यातलं काही बदलत नाही, आणि कुठलंही काम बॉटकडे देण्याआधी ताई ते वहीत पायरी-पायरीने लिहून काढतात. वहीत नाही, ते बॉटमध्ये नाही. या नियमात मी स्वतःलाही सूट देत नाही.

आता सकाळी न जुळलेल्या बिलांची यादी तयार असते. ताई चहा घेतात, चष्मा लावतात आणि पुरवठादारांना एकेक फोन करायला बसतात.