चार्जर फर्मवेअर नोंद: अपडेटची सही कोण तपासतं?

इलेक्ट्रिक गाडीच्या घरगुती चार्जरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत बसवलेलं सॉफ्टवेअर, मी तपासतोय. बोर्डवरचा यूएआर्ट (बोर्डशी थेट बोलायचा सीरियल पोर्ट) सापडल्यानंतर काम बरंच पुढे सरकलंय. कंट्रोल बोर्ड चार्जरमधून काढून बेंच सप्लायवर (टेबलावरच्या कमी व्होल्टच्या वीजपुरवठ्यावर) चालवतोय. २३० व्होल्टची बाजू आणि कॉन्टॅक्टर (गाडीकडची वीज चालू-बंद करणारा मोठा स्विच) जोडलेलेच नाहीत. मेन्स चालू असताना झाकण उघडू नका, हे पुन्हा सांगतो. चार्जर माझाच, जुना घेतलेला, ७.४ किलोवॉटचा. कंपनीला कळवलंय, दुरुस्ती येईपर्यंत नाव देणार नाही.

फर्मवेअर साठवणाऱ्या फ्लॅश चिपला क्लिप लावून डम्प, म्हणजे आतल्या सगळ्या डेटाची प्रत, काढला आणि बिनवॉक या टूलने उघडला. आत स्क्वॅशएफएस, म्हणजे लिनक्सची दाबून साठवलेली फाइल सिस्टिम. सेटिंगच्या फाइलमध्ये सर्व्हरचा पत्ता साध्या 'डब्ल्यूएस'चा (एन्क्रिप्शन नसलेल्या वेबसॉकेटचा), म्हणजे ओसीपीपी १.६ (चार्जर आणि कंपनीचा सर्व्हर यांच्यातली संदेशांची ठरलेली भाषा) टीएलएसच्या सुरक्षेशिवाय. राउटरवर डीएनएस (सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी यंत्रणा) वळवून बोर्डला लॅपटॉपवरच्या माझ्या पायथन सर्व्हरकडे आणलं. बूटनोटिफिकेशन (चालू झाल्यावर चार्जर पाठवतो ती ओळख) आलं, मी 'अ‍ॅक्सेप्टेड' दिलं, हार्टबीट, म्हणजे 'मी चालू आहे' सांगणारे ठरावीक संदेश, सुरू झाले. समोरचा सर्व्हर खरा कंपनीचाच आहे का, हे बोर्डने विचारलंच नाही.

मला खरं बघायचं होतं ते पुढचं. १.६ च्या मूळ 'अपडेटफर्मवेअर' संदेशात फाइल कुठून आणि कधी घ्यायची, किती वेळा प्रयत्न करायचा, एवढंच असतं. डिजिटल सहीला त्यात जागाच नाही. तेव्हा फाइल अस्सल आहे की नाही, हे ओळखण्याचा सगळा भार चार्जर बनवणाऱ्यावर येतो. म्हणून इमेजमधल्या आवृत्तीच्या नावात एकच अक्षर बदललं, सीआरसी (फाइलमधल्या डेटावरून काढलेला तपासणीचा आकडा) नव्याने मोजून लिहिला आणि बोर्डला ती फाइल आणायला सांगितली. स्टेटस ओळीने आले: डाउनलोडिंग, डाउनलोडेड, इन्स्टॉलिंग, इन्स्टॉल्ड. रीबूटनंतरच्या बूटनोटिफिकेशनमध्ये माझं अक्षर होतं! सीआरसी म्हणजे फाइल वाटेत बिघडली का याची तपासणी. फाइल कोणी पाठवली, हे त्यातून कधीच कळत नाही.

हे मला गंभीर वाटतं, कारण कॉन्टॅक्टर कधी ओढायचा आणि कंट्रोल पायलटवरून (केबलमधल्या सिग्नलच्या तारेवरून) गाडीला किती अँपिअर घेऊ द्यायचे, हे फर्मवेअरच ठरवतं. एका मॉडेलचे हजारो चार्जर एकाच क्षणी चालू-बंद झाले तर धक्का ग्रिडला बसतो. ब्रिटनच्या २०२१ च्या स्मार्ट चार्जर नियमांत म्हणूनच चार्जिंग सुरू होताना १० मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक विलंब आहे. ३० डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या सुरक्षेच्या भागात अपडेटचा उगम तपासणं आणि सिक्युअर बूट (चालू होताना सॉफ्टवेअर बदललेलं नाही ना, याची तपासणी), दोन्ही सक्तीचं आहे. त्याआधी, २०२१ मध्ये, पेन टेस्ट पार्टनर्स या सुरक्षा-चाचणी कंपनीने तिथल्या काही घरगुती चार्जरमध्ये सिक्युअर बूट नसलेलं रास्पबेरी पाय कम्प्यूट मॉड्यूल (एक छोटा तयार कॉम्प्युटर) दाखवून दिलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये टोकियोच्या प्वन२ओन या हॅकिंग स्पर्धेत तर ऑटेल कंपनीच्या चार्जरमध्ये ब्लूटूथवरून शिरकाव झाला.

ओसीपीपीच्या सुरक्षा श्वेतपत्रिकेने १.६ साठी 'साइन्डअपडेटफर्मवेअर' दिलंय. त्यात सर्टिफिकेट आणि सही सोबत जाते, आणि 'इनव्हॅलिडसिग्नेचर' असा स्टेटसही आहे. आता तोच संदेश या बोर्डला मुद्दाम चुकीच्या सहीसह पाठवणार आहे. मग यू-बूटचा (बोर्ड चालू होताना आधी चालणाऱ्या बूटलोडर प्रोग्रॅमचा) कन्सोल पासवर्डशिवाय उघडतो का ते बघायचंय. अशाच एखाद्या चार्जरचा बोर्ड कोणी उघडला असेल, तर बूट लॉगच्या पहिल्या ओळी जरूर कळवा.